एंटरवरचा नारळ

मी जात्याच भित्री आहे. लहानपणी विहिरीत वाकून बघायची भीती, मोठेपणी लिफ्टची भीती, आणि पोटासाठी धंदा पत्करला तोही असा की त्यात भीतीला रजा नाही. रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. खिडकी उघडली की मासळीचा वास येतो, बंद केली की उकडून जीव जातो. तिथे बसून आम्ही कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. टाकीतलं तापमान किती, दाब किती, कुठला पंप चालू आणि कुठला बंद, हे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दाखवायचं आणि काही बिघडलं की अलार्म वाजवायचा. लोकांना वाटतं, काय मजा आहे, सावलीत बसून काम. खरं आहे. पण टाकीजवळ जो उभा असतो तो सावलीत नसतो.

चिपळूणच्या पुढच्या लोटे गावातल्या एका रसायनांच्या कारखान्यात आमचा प्रोग्रॅम चालायचा, आणि त्याच कारखान्यात माझा धाकटा भाऊ ऑपरेटर आहे. तो चिपळूणला राहतो, कंपनीच्या बसने पाळीला जातो. मी या ऑफिसात लागले तेव्हा तो तिथे आधीपासून होता. म्हणजे ज्या पडद्याकडे बघून माझा भाऊ रोज ठरवतो की आता रिॲक्टरजवळ, म्हणजे रसायनं तापवायच्या बंद टाकीजवळ, जायला हरकत नाही, तो पडदा माझ्या हातात आला. आईला याचं केवढं कौतुक. 'तुमी दोगं येकाच ठिकानी असल्यासारकी,' असं ती म्हणायची. मी विषय बदलायची.

फ्रेमवर्क म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, पुढे अडायला नको. पडद्यावर खिडकी कशी उघडायची, बटण कसं दिसायचं, कळ दाबली की ती कोणाच्या वाट्याला जायची, ही सगळी हमाली ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी आधीच करून ठेवलेली असते. त्या तयार सामानावर आम्ही आमचं काम उभं करतो. काही वर्षांनी ते नवीन सामान काढतात आणि म्हणतात, जुनं आता विसरा. विसरा म्हणायला त्यांचं काय जातं? जुन्यावर इकडे कारखाना चालू असतो.

जुना प्रोग्रॅम आमच्या सरांनी लिहिलेला. सर म्हणजे ऑफिसचे मालक. तरुणपणी एकट्याने लिहिला आणि नंतर त्यालाच धरून बसले. 'चालतंय ना? मग हात लावू नकोस,' हे त्यांचं वेदवाक्य. दर वर्षी पावसाळा संपला की आम्ही ठरवायचो, यंदा नवीन फ्रेमवर्कवर जायचं. मग दिवाळी यायची, मग कुठल्या तरी कारखान्याची घाई यायची, आणि विषय पुढच्या पावसाळ्यावर जायचा. हे आमचंच आहे असं समजू नका. पुण्या-मुंबईतले माझ्या ओळखीचे सगळे प्रोग्रॅमर असेच, एक पाय जुन्यात, एक नव्यात. तोंडाने नवीनच्या गोष्टी सांगतात आणि ऑफिसात जाऊन जुन्यालाच ठिगळ लावतात. आळस म्हणाल तर थोडा आहे. बाकी सगळी भीती.

भीती कसली, ते सरांचा प्रोग्रॅम वाचला असतात तर कळलं असतं. मध्येच एक ओळ होती. ती काय करते ते कोणालाच सांगता येईना. तिच्या वर सरांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलेलं, 'इथे हात लावू नये'. आमच्या गावच्या देवराईत पडलेली वाळकी फांदीसुद्धा कोणी उचलत नाही. का, विचारलं तर म्हातारी माणसं म्हणतात, उचलायची नाही. तसंच हे. मी सरांना विचारलं, ही ओळ कशासाठी? त्यांनी चष्मा वर करून ती ओळ पुन्हा वाचली.

"आठवत नाही," म्हणाले. "पण कारण असणार."

अखेर हलावं लागलं ते कारखान्यातला संगणक कुरकुरायला लागला म्हणून. त्याचे सुटे भाग मिळेनात आणि नवीन संगणक ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम घेईना. सरांनी हात वर केले आणि काम माझ्याकडे आलं. मी एकेक खिडकी, एकेक बटण नवीन फ्रेमवर्कमध्ये बांधत गेले. त्या हात न लावायच्या ओळीला नव्यात जोडच नव्हता. ती ज्या सामानाशी बोलायची ते सामानच आता शिल्लक नव्हतं. मी जुन्या प्रोग्रॅममधून ती काढून बघितली, काही फरक दिसला नाही. पुन्हा घालून बघितली, तरी नाही. सगळे अलार्म वाजवून बघितले, सगळे वाजले. माऊसने बंद करून बघितले, सगळे बंद झाले. शेवटी ती ओळ मागेच राहिली.

अलार्मचं असं असतं की तो आला की पडद्यावर लाल खिडकी उघडते आणि भोंगा वाजू लागतो. ऑपरेटरने 'स्वीकारला' हे बटण दाबायचं. म्हणजे, मला कळलंय, मी बघतो. मग भोंगा थांबतो आणि पडदा पुन्हा हिरवा होतो. बिघाड तसाच राहिला तर थोड्या वेळाने अलार्म परत येतो, कारण माणूस विसरतो हे सरांनाही ठाऊक होतं. आणि माणसाने काहीच केलं नाही तर सर्वांत शेवटी रिॲक्टरच्या डोक्यावरची झडप आपोआप उघडते आणि आतली वाफ बाहेर फेकली जाते. कारखाना वाचतो. त्या वेळी खाली जो उभा असेल त्याच्याबद्दल झडपेला काही माहीत नसतं.

नवीन संगणक कंट्रोल रूममध्ये लागला तो जुन्याच्या शेजारी. काही महिने दोन्ही चालू ठेवायचे, नव्याचं चुकलं तर जुना ओरडेल, असं ठरलं. ती अट मीच घातली होती. भित्र्या माणसाला एवढी तरी अक्कल असते. भाऊ मात्र नव्यावर बेहद्द खूश. "ताई, अक्षरां केवडी मोटी! आनी मराटीत! त्या जुन्या डबड्याकडं कोन बगतंय आता?" तो असं म्हणाला की मी म्हणायची, "बघायचं. दोन्हीकडे बघायचं." तो हसायचा. त्याला वाटायचं, ताईने केलंय ना, मग झालं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा कोयता, सुताराचा रंधा, आणि आता सगळ्यांचे संगणक. आम्हीही ऑफिसात सकाळी पूजा केली. सरांनी पडद्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, मी झेंडूची फुलं वाहिली, पेढे वाटले. एवढ्यात फोन वाजला. लोट्याचे इंजिनिअर, सर आणि मी असा या कामापुरता एक ग्रुप होता, त्यात इंजिनिअरांनी पूजेपुरता फोन आत नेऊन काढलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलेलं, 'नवीन मशीनची पहिली पूजा', आणि पुढे हात जोडलेले.

फोटोत माझा भाऊ होता. हेल्मेट काढून काखेत धरलेलं, केसांना पाणी लावलेलं, डोळे मिटून हात जोडलेले. मला आधी तोच दिसला आणि बरं वाटलं. नवीन संगणकाला झेंडूचा हार, पडदा हिरवागार. मागे रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. मी फोटो मोठा करून बघितला, नुसत्या कौतुकाने. ती माळ जुन्या संगणकाचा प्लग काढून त्या जागी लावलेली होती. जुन्याचा पडदा काळा होता.

माझा हात थांबला. मग मी फोटो खाली सरकवला. नवीन संगणकाच्या कीबोर्डवर, उजवीकडच्या आकड्यांवर, विड्याची पानं ठेवली होती आणि पानांवर नारळ. चांगला मोठा, शेंडीवाला. तो कोपऱ्याकडे कलला होता. त्या कोपऱ्यात एंटरची लांबट कळ असते.

आमच्या ऑफिसात तोच नवीन प्रोग्रॅम होता. मी एक खोटा अलार्म पाठवला आणि एंटर दाबून धरलं. लाल खिडकी आली आणि गेली. भोंग्याचा आवाजही धड फुटला नाही, नुसतं 'टक्' झालं. दुसरा पाठवला. आला, गेला. पडदा हिरवा.

नवीन फ्रेमवर्क मायाळू आहे. खिडकी उघडली की तिच्यातलं पहिलं बटण ते आपणहून कीबोर्डच्या ताब्यात देतं, ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांची सोय व्हावी म्हणून. चांगलीच गोष्ट आहे. सरांच्या प्रोग्रॅममध्ये असं होत नव्हतं. मी माऊसनेच तपासत राहिले, आणि कारखान्यात सगळे माऊसच वापरतात, म्हणून हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक वाक्याला बाकीची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाक्य काय होतं ते अर्ध्यांनी ऐकलेलंही नसतं. तो नारळ तिकडे प्रत्येक अलार्मला 'व्हय म्हाराजा' म्हणत बसला होता.

मी इंजिनिअरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावे लागतात, ठिणगीच्या भीतीने. पूजेपुरता नेलेला त्यांचा फोनही पुन्हा कपाटात गेला असणार. कंट्रोल रूमचा फोन लावला तर सतत व्यस्त; पूजेच्या गडबडीत रिसीव्हर नीट ठेवला नसेल. शेवटी गेटवर लावला. वॉचमनने उचलला.

"दादा, मी रत्नागिरीहून बोलतेय, प्रोग्रॅमवाली. कंट्रोल रूममध्ये निरोप द्या. कीबोर्डवरचा नारळ उचला म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

"नारल?"

"हो, पूजेचा नारळ."

मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाय, मांडलेली पूजा हलवीत नायत. उद्याच्याला उत्तरपूजा झाली की मग उचलतील."

बरोबर होतं त्याचं. पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हलवत नाही. आमच्या घरीसुद्धा विळी पुजली की आई त्या दिवशी चाकूने भागवते. म्हणजे तो नारळ उद्यापर्यंत तिथेच. पाळीमागून पाळी येणार, माणसं कीबोर्डला भक्तिभावाने हात न लावता माऊसने काम करणार, आणि पडदा हिरवाच राहणार. "अहो, माणसं मरतील!" मी ओरडले. हे बोलायला नको होतं. सणासुदीला असलं तोंड उघडणाऱ्या बाईशी कोण बोलणार? तो "सायबांना सांगतंव" म्हणाला आणि फोन ठेवला. सांगितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सरांनी काही न विचारता गाडीची किल्ली उचलली. हातखंब्यापर्यंत मी फोन लावत होते. हायवेला लागल्यावर कुठे रेंज, कुठे नाही. रस्त्याचं काम चाललेलं, पुढे डंपर, त्याच्या पुढे दुसरा डंपर. मला दर वळणावर तेच दिसत होतं. झडप, वाफ, आणि हेल्मेट काखेत धरलेला तो. त्याला लहानपणी विंचू चावला होता तेव्हा तो रडला नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी रडतेय का ते बघत होता. मी रडले नाही म्हणून तोही रडला नाही. हे मला तेव्हाच का आठवावं?

"कदाचित काहीच झालं नसेल," मी म्हटलं. "आज एकही अलार्म आला नसेल कदाचित."

सरांनी डंपरच्या बाजूने गाडी काढली. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की असा दिवस नसतो. लहानसहान अलार्म त्या कारखान्यात सारखे येतात, कुठे पातळी कमी, कुठे दाब जरा जास्त. ऑपरेटर त्यांना कंटाळलेले असतात.

आरवलीच्या पुढे सरांनी एकदम ब्रेक दाबला. मागच्या गाडीने हॉर्नचा गजर केला.

"डबा!" ते म्हणाले. "अगं, डबा!"

"काय डबा?"

"ती ओळ. पहिल्या पहिल्या दिवसांत तिथे एक ऑपरेटर होता, तो जेवणाचा डबा कीबोर्डवर ठेवायचा. टेबलावर जागाच नव्हती. अलार्म आपोआप बंद व्हायचे. म्हणून मी कीबोर्डच तोडला अलार्मपासून. त्याचीच ती ओळ."

ते इतकं साधं होतं की मला संताप आला. "मग तसं लिहून ठेवायचं होतंत ना, सर! हात लावू नये काय, हात लावू नये! देवाचा कौल आहे का तो?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं. गाडी पुढे काढताना त्यांनी दोनदा चुकीचा गिअर टाकला, आणि ते बघून मला जास्तच भीती वाटली. सर घाबरले तर मग मागे कोण उरलं?

सावर्ड्याच्या बाजारात गाडी अडकली. दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, उसाच्या मोळ्या, आणि रस्त्याच्या मधोमध एक टेम्पो मागे घेणं चाललेलं. पण रेंज पूर्ण होती. कंट्रोल रूमचा फोन लावला आणि या वेळी घंटी वाजली.

इंजिनिअरांनीच उचलला. आवाजात पेढा होता. "अहो मॅडम, तुमचं अभिनंदन करायचं राहिलंच! पूजा झाल्यापासून एकही अलार्म नाही. इतकी शांत पाळी आम्ही पहिल्यांदा बघतोय. तुमचा नवीन प्रोग्रॅम म्हणजे..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. त्यांना समजावण्यात वेळ गेला असता, आणि समजलं असतं तरी सगळ्यांसमोर पूजेचा नारळ उचलायला त्यांचा हात धजला नसता. मी म्हटलं, "माझ्या भावाला फोन द्या."

"काय गो ताई? सनाची..."

"कीबोर्डवरचा नारळ उचल."

"पूजेचा हाय गो."

"उचल. पाप लागलं तर मला लागू दे."

मागे कोणीतरी काहीतरी म्हणालं. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग पुन्हा त्याचा श्वास. "उचलला. माफी मागून उचलला. आता काय?"

"आता थांब."

काही झालं नाही. तिकडे कुणीतरी हसलं. इंजिनिअर म्हणाले, रत्नागिरीकरांना सणाचा उत्साह जास्त. भाऊ म्हणाला, "बगलंस? काय एक नाय. पडदा हिरवा हाय." मला वाटलं, खरंच काही नसेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, माझं नेहमीचंच. मी आयुष्यभर त्याच्या चेष्टेचा विषय होईन, दर खंडेनवमीला नारळ दाखवतील मला. चालेल, देवा, जन्मभर दाखवू देत.

आणि मग भोंगा वाजला.

फोनमधूनही तो कानात घुसला. परत आलेला अलार्म होता. म्हणजे बिघाड आधीपासूनच होता आणि नारळ त्याला पुन्हा पुन्हा होकार देत होता. भावाने पडद्यावरचं वाचलं ते मला ऐकू आलं. रिॲक्टरच्या थंड पाण्याचा पंप बंद. तापमान वर. किती, ते त्याने सांगितलं आणि कोणीतरी शिवी हासडली. खुर्ची पडली. मग पावलं, धावत जाणारी, आणि त्यात त्याचा आवाज, "मी जातंय, तुमी मागचा व्हॉल्व धरा!"

त्या पाळीला रिॲक्टर त्याच्याकडे होता. अलार्म वाजल्यावर कोणी धावायचं हे ठरलेलं असतं. मी फोन केला नसता तर तो कंट्रोल रूममध्ये पेढा खात उभा असता. मी त्याला तिकडे पाठवलं, त्या झडपेच्या खाली. "अरे थांब, थांब," मी फोनमध्ये म्हणत होते, पण तिकडे ऐकायला कोणी नव्हतं. नुसता भोंगा. बाहेर एक बाई काचेवर टकटक करून झेंडूचा हार दाखवत होती. सर तिला हाताने नको नको म्हणत होते.

मग भोंगा थांबला. सरांनी सुटकेचा श्वास टाकला, मी टाकला नाही. भोंगा थांबणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? कोणीतरी बटण दाबलं, एवढंच. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मला देवाचं नाव घ्यायचं होतं आणि एकही देव आठवेना. आईचा चेहरा मात्र दिसत होता. 'येकाच ठिकानी असल्यासारकी' म्हणणारा.

बऱ्याच वेळाने रिसीव्हर उचलला गेला.

"ताई? हायस का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पंप पडला व्हता. दुसरा लावला. आता उतरतंय तापमान." तो धापा टाकत होता. "हात भाजला जरासा. पायपीला लागला. काय नाय तसं. ताई, आयकतेस ना?"

मी सावर्ड्याच्या भर बाजारात, गाडीत बसून, हुंदके देऊन रडले. हारवाली बाई काचेतून बघत राहिली आणि हळूच बाजूला झाली.

आम्ही लोट्याला पोचलो तेव्हा त्याच्या हाताला मलम लावून झालं होतं. गेटवर फोन ठेवले, हेल्मेटं घातली. कंट्रोल रूममध्ये सगळे उभेच होते. सरांनी आधी जाऊन दिव्यांची माळ काढली आणि जुन्या संगणकाचा प्लग लावला. त्यांची इच्छा काय होती ते मला कळत होतं, माझीही तीच होती. जुन्यावर परत जायचं. जुन्याने घरघर केली, पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या आणि तो बंद पडला. वर्षानुवर्षं न झोपलेला म्हातारा एकदा आडवा झाला तो उठेना. सरांनी परत परत बटण दाबलं. मग ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुझंच."

मी नवीन प्रोग्रॅममध्ये अलार्मला कीबोर्डपासून तोडलं. फार काम नव्हतं, थोड्याशाच ओळी. त्यांच्यावर मी देवनागरीत, सविस्तर, डब्यासकट आणि नारळासकट सगळं लिहून ठेवलं. मग तपासलं. इंजिनिअरांनी तोच नारळ कपाळाला लावून परत एंटरवर ठेवला आणि मी खोटे अलार्म पाठवले. भोंगा वाजत राहिला, लाल खिडकी हलली नाही. जेवणाचा डबा ठेवून बघितला. हेल्मेट ठेवून बघितलं. मला सुचेल ते सगळं त्या कीबोर्डवर ठेवून झालं. इंजिनिअर म्हणाले, आता निश्चिंत. मी मान डोलावली.

निश्चिंत कशी होणार? सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अशा कितीतरी ओळी होत्या. कुठे कोणाचा डबा, कुठे कोणाची सवय, कुठे वीज जाऊन आल्यावर घडलेलं काहीतरी. एकीवर तरी 'हात लावू नये' लिहिलेलं होतं. बाकीच्यांवर तेवढंही नव्हतं, आणि त्या मी नव्यात आणल्या की नाही, हे मला माहीत नव्हतं. सरांनाही आठवत नव्हतं. आणि ज्याला विचारता आलं असतं तो संगणक मेला होता.

पाळी सुटली. गेटबाहेर कंपनीची बस उभी होती, टपावर केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं. मी भावाला म्हटलं, आमच्याबरोबर गाडीत चल, चिपळूणला सोडतो. तो म्हणाला, नको, बसमध्ये सगळे आहेत, ते घाबरलेत, त्यांच्याबरोबर जातो. पट्टी बांधलेला हात त्याने खिशात घातला होता, मला दिसू नये म्हणून. उद्या परत त्याचीच पहिली पाळी होती. रजा घे, म्हटलं. दसऱ्याला माणसं कमी असतात, तो म्हणाला, रजा कोण देणार.

बसची पायरी चढता चढता तो थांबला आणि वळला. बसमधले सगळे खिडक्यांतून आमच्याकडे बघत होते.

"ताई, आता बराबर हाय ना सगलं? मी त्यांना सांगू ना, ताई बोलली म्हनून?"

विंचू चावला तेव्हा बघत होता तसा तो माझ्याकडे बघत नव्हता, तो अगदी निर्धास्त बघत होता, आणि तेच मला सहन होईना.

"हो," मी म्हटलं. "सांग."

तो वर चढला आणि आत जाऊन त्याने त्यांना सांगितलं.